आईच्या नावावरचा फ्लॅट: मृत्युपत्र करावं की बक्षीसपत्र?

मुलुंडची_लेक

नमस्कार. विषय घरचाच आहे, पण कुणाला विचारावं कळत नाही म्हणून इथे लिहिते.

मुलुंड पूर्वेला आमचा दोन खोल्यांचा फ्लॅट आहे. बाबांनी १९८६ मध्ये घेतला. बाबा २०१२ मध्ये अचानक गेले. त्यांनी मृत्युपत्र केलं नव्हतं, पण सोसायटीत आईचं नॉमिनेशन होतं. त्यावर पुढच्या वर्षी शेअर सर्टिफिकेट आईच्या नावावर झालं. आई आता ७८ वर्षांची आहे. दोन्ही गुडघे गेलेत, पण डोकं एकदम शाबूत, महिन्याचा हिशोब अजून स्वतः वहीत लिहिते. मी तिच्याजवळ राहते. माझं लग्न झालेलं नाही. धाकटा भाऊ नाशिकला असतो, त्याचं स्वतःचं घर आहे. आईच्या मनात हा फ्लॅट मला द्यायचा आहे आणि भावाची ना नाही. तो स्वतःच म्हणतो, "ताई, कागद करून घे, उद्यावर टाकू नकोस."

आईचं म्हणणं, एक मृत्युपत्र लिहून ठेवते, झालं. पण आमच्याच इमारतीत एका कुटुंबाची मृत्युपत्राच्या प्रोबेटपायी, म्हणजे मृत्युपत्र खरं आहे असा कोर्टाचा दाखला मिळवण्यापायी, फार दमछाक झालेली मी पाहिली आहे. ऑफिसातली मैत्रीण म्हणते, बक्षीसपत्र कर, मुलीला दिलं तर मुद्रांक शुल्क फक्त २०० रुपये आणि प्रोबेटची भानगडच नाही. दुसरीकडे गेल्या डिसेंबरात बातमी वाचली की मुंबईत प्रोबेटची सक्ती आता उठली. मग मृत्युपत्रच पुरेसं नाही का?

आईला कोर्टकचेरीची मनापासून भीती वाटते. तिच्या हयातीत सगळं शांतपणे व्हावं एवढीच माझी इच्छा आहे.

---

सरळमार्गी

ताई, एवढं कशाला? आईंच्या शेअर सर्टिफिकेटवर तुमचं नाव जोडून घ्या आणि नॉमिनी म्हणूनही तुमचंच द्या. त्यांच्या पश्चात सोसायटी आपोआप तुमच्या नावावर करेल. आमच्याकडे असंच केलंय, खर्च जवळजवळ काही नाही.

---

माजी_सचिव

वरच्या भावांनी चांगल्या मनानं सांगितलंय, पण ताई, तेवढ्यावर थांबू नका. मी ५६ बिऱ्हाडांच्या सोसायटीचा १९ वर्षं सचिव होतो. मी वकील नाही. पण एवढ्या वर्षांत माझ्या टेबलावर आलेल्या भांडणांतली निम्मी तरी "नॉमिनी म्हणजे मालक" या एका समजुतीतून आलेली होती.

नॉमिनेशन हे सोसायटीच्या सोयीसाठी असतं. सभासद गेला तर देखभालीचं बिल कुणाच्या नावानं काढायचं, पत्रव्यवहार कुणाशी करायचा, हे सोसायटीला कळावं एवढ्यासाठी. सर्वोच्च न्यायालयानं २०१६ च्या एका निकालात म्हटलंय की सोसायटीनं नॉमिनीच्या नावानं भाग हस्तांतरित करावेत, पण खरी मालकी कुणाची हा वारसांचा प्रश्न खुला राहतो. आपल्या सहकारी संस्था कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीनंतर नॉमिनीला "तात्पुरता सभासद" म्हणतात, तो याचसाठी. जोडनावाचंही तसंच. दोन नावं असली म्हणजे एकाच्या पश्चात दुसऱ्याला आपोआप सगळं मिळतं, असं आपल्याकडे घराच्या बाबतीत होत नाही. गेलेल्या माणसाचा हिस्सा त्याच्या वारसांकडे जातो.

आता तुमच्या प्रश्नाकडे येतो. आधी बातमीचं सांगतो. ती खरी आहे. १९२५ च्या भारतीय वारसा कायद्यात कलम २१३ होतं. मुंबई, कोलकाता आणि चेन्नईच्या उच्च न्यायालयांच्या मूळ दिवाणी हद्दीत केलेलं किंवा तिथल्या स्थावर मिळकतीबद्दलचं हिंदू, बौद्ध, शीख, जैन, पारशी माणसाचं मृत्युपत्र असेल, तर प्रोबेटशिवाय त्या मृत्युपत्रावरचा हक्क कोर्टात सांगता येत नसे. पुण्यात, नाशकात ही सक्ती कधी नव्हतीच. २०२५ च्या निरसन व सुधारणा कायद्यानं ते कलम काढून टाकलं. पण गेली ती सक्ती. प्रोबेट मागायची सोय आहे तशीच आहे, आणि मृत्युपत्राबद्दल कुणी शंका काढली तर ते खरं आहे हे आजही कोर्टातच सिद्ध करावं लागतं. शेजारच्या सोसायटीत मागच्याच महिन्यात समितीनं एका विधवा बाईंकडे प्रोबेट मागितलं. मी स्वतः जाऊन कायद्यातला बदल दाखवला, तर म्हणाले, "आम्ही जबाबदारी कशाला घेऊ?" समित्यांच्या सवयी बदलायला वेळ लागणार.

हे सगळं मी पोटतिडकीनं लिहितोय त्याला कारण आहे. माझ्या वडिलांनी २००३ मध्ये स्वतःच्या हातानं एक पानी मृत्युपत्र लिहिलं. घर आम्हा दोघा भावांना अर्धं अर्धं, बहिणीला ठेवी आणि आईचे दागिने. साक्षीदार दोन, आमचे डॉक्टर आणि समोरचे शेजारी. २०१० मध्ये वडील गेले. बहिणीनं संमतीचं प्रतिज्ञापत्र लगेच दिलं. धाकट्या भावानं मात्र कॅव्हेट टाकलं, म्हणजे कोर्टात हरकत नोंदवली. वडिलांना कंपवात होता, सही वेडीवाकडी होती, ती त्यांची नाहीच असं त्याला वाटलं. कॅव्हेट आलं की साध्या अर्जाचा दावा होतो, आणि आमचाही झाला. तोवर डॉक्टर वारले होते. साक्षीला उरले शेजारचे आप्पा. ऐंशी वर्षांचे आप्पा काठी टेकत पिंजऱ्यात उभे राहिले आणि "माझ्यासमोर सही केली, मग मी केली" हे एक वाक्य त्यांना तीन वेळा सांगावं लागलं. कायद्याला दोनांतला एक साक्षीदार हयात असला तरी पुरतं, म्हणून आम्ही तरलो. महाराष्ट्रात प्रोबेटच्या कोर्ट फीला ७५,००० रुपयांची कमाल मर्यादा आहे, ती आम्ही पूर्ण भरली. वकिलांचा खर्च त्याच्या कितीतरी पुढे गेला. पाचव्या वर्षी आम्ही भाऊ समेटावर सह्या करून मोकळे झालो. त्या पाच वर्षांत माझ्या मुलीच्या लग्नाला काका आला नाही.

म्हणून हयातीत नोंदणी करून दिलेला कागद मला जास्त भावतो. देणारं माणूस समोर बसलेलं असतं, त्याचा फोटो आणि अंगठा तिथेच घेतला जातो, आणि मालकी त्याच दिवशी बदलते. देणाऱ्याच्या पश्चात सिद्ध करायचं काही उरत नाही.

पण ताई, बक्षीसपत्राच्या आधी मला एक विचारायचंय. तुमच्या आई फ्लॅटच्या पूर्ण मालक आहेत असं तुम्ही धरून चालला आहात. वडील मृत्युपत्राविना गेले. २०१२ मध्ये तुमच्या वडिलांच्या आई, म्हणजे तुमच्या आजी, होत्या का?

---

मुलुंडची_लेक

काका, तुमचं वाचून सुन्न झाले. आजी होती. बाबांच्या आधी आजोबा गेले होते, मी शाळेत असताना. आजी काकांकडे सांगलीला असायची, २०१५ मध्ये गेली. तिनंही काही लिहून ठेवलेलं नव्हतं. बाबांना एक भाऊ आणि एक बहीण. काका सांगलीत, आत्या डोंबिवलीला. पण आजीचा या फ्लॅटशी काय संबंध? तो बाबांनी स्वतःच्या पगारातून घेतला होता.

---

माजी_सचिव

स्वतःच्या पगारातला होता म्हणूनच संबंध आहे. हिंदू वारसा कायदा, १९५६ प्रमाणे पुरुष मृत्युपत्राविना गेला तर त्याची मिळकत पहिल्या वर्गाच्या वारसांना सारखी वाटली जाते. त्या वर्गात बायको, मुलगा, मुलगी यांच्या पंक्तीला आईसुद्धा बसते. हे फार लोकांच्या ध्यानात येत नाही. आमच्या सोसायटीतल्या एका फाइलीत मी स्वतःही ही चूक केली होती आणि ती निस्तरायला त्या कुटुंबाला दोन वर्षं लागली, म्हणून मी आता सगळ्यात आधी हाच प्रश्न विचारतो.

तुमच्या फ्लॅटचे २४ भाग आहेत असं समजा. २०१२ मध्ये आई, तुम्ही, भाऊ आणि आजी असे चार वारस, प्रत्येकी ६ भाग. २०१५ मध्ये आजी गेल्या. बाईच्या मिळकतीला त्याच कायद्याचं कलम १५ लागतं. तिचे मुलगे-मुली, आधी वारलेल्या मुलाची मुलं, आणि नवरा. आजोबा नव्हते. म्हणून आजींच्या ६ भागांतले २ काकांना, २ आत्यांना, आणि तुमच्या वडिलांच्या वाटचे २ तुम्हा दोघा भावंडांना, एकेक. तुमच्या आई सून असल्यामुळे यात येत नाहीत. म्हणजे आज आईंचे ६ भाग, तुमचे ७, भावाचे ७, काकांचे २ आणि आत्यांचे २.

शेअर सर्टिफिकेटवर आईंचं एकट्याचं नाव आहे, पण त्या पाव फ्लॅटच्याच मालक आहेत. त्यांनी आज सगळ्या फ्लॅटचं बक्षीसपत्र केलं, तर तुमच्याकडे येतील ते त्यांचे ६ भागच. मृत्युपत्र केलं तरी तेच. माणूस स्वतःचं असेल तेवढंच देऊ शकतं. उद्या तुम्ही फ्लॅट विकायला काढला किंवा त्यावर कर्ज मागितलं की बँकेचा वकील पहिल्याच बैठकीत विचारेल, १९८६ च्या खरेदीदाराचे बाकीचे वारस कुठे आहेत.

घाबरू नका. यावर साधा आणि जुना उपाय आहे, हक्कसोडपत्र. काका, आत्या आणि भाऊ आपापला हिस्सा कसलाही मोबदला न घेता सोडून देतात असा कागद. नोंदणी मात्र हवीच. नुसत्या स्टॅम्प पेपरवर नोटरीसमोर केलेल्या हक्कसोडपत्रानं स्थावर मिळकतीतला हिस्सा सुटत नाही. घर मुंबईत आहे, त्यामुळे नोंदणी इथल्याच दुय्यम निबंधक कार्यालयात होईल. काकांना यायला जमणार नसेल तर त्यांच्याकडून रीतसर नोंदवलेलं कुलमुखत्यारपत्र घ्यावं लागेल. जमत असेल तर मात्र त्यांना प्रत्यक्ष बोलवा. मुखत्याराची सही आणि स्वतः माणसाची सही यांत पुढे फरक पडतो.

हक्कसोडपत्रावरचं मुद्रांक शुल्क नात्यावर आणि मिळकत कोणत्या प्रकारची यावर ठरतं. वाद नको असेल तर मसुदा आधी मुद्रांक जिल्हाधिकाऱ्यांकडे अभिनिर्णयासाठी द्या. ते आकडा ठरवून शिक्का मारून देतात, मग नंतर कुणी कमी शुल्क भरलं म्हणून दंड लावत नाही. थोडे आठवडे जातात, पण जाऊ द्या.

हक्क थेट तुमच्या नावे सोडायचा की आईंच्या, हे वकील सांगतील. माझं मत विचाराल तर आधी आईंच्या नावे. त्या म्हाताऱ्या बाईच्या हातात घर आधी पुरं येऊ दे. मग तिनं तुम्हाला द्यावं.

आणि हो, त्याच वेळी १९८६ चा करारनामा शोधून ठेवा, नोंदणी झाली होती का तेही बघा. वारसांचे मृत्यूचे दाखले, आजींचासुद्धा, आत्ताच गोळा करा. सांगलीच्या महापालिकेतून आजींचा दाखला काकाच सहज आणतील.

---

अनुभवी_वाचक

सचिव काकांनी कायदा छान सांगितला. पण बक्षीसपत्राची दुसरी बाजू कुणीतरी बोलायला हवी.

माझ्या मामांनी २०१८ मध्ये बोरिवलीचं घर मुलाला बक्षीस दिलं. प्रोबेट नको, पुढे मुलाला त्रास नको, हाच विचार. कागदात "नैसर्गिक प्रेमापोटी देत आहे" एवढंच वाक्य. मामी गेल्यावर दीड वर्षात मामांना सांगितलं गेलं की आम्हाला जागा पुरत नाही. मामा ७९ वर्षांचे, हातात पिशवी घेऊन माझ्या आईकडे आले. बक्षीसपत्र मनात आलं म्हणून रद्द करता येत नाही. मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम १२६ तसं करू देत नाही. मृत्युपत्र मात्र शेवटच्या दिवसापर्यंत फाडून नवं लिहिता येतं.

ज्येष्ठ नागरिकांसाठी २००७ चा कायदा आहे, त्याच्या कलम २३ खाली न्यायाधिकरणाकडे दाद मागता येते. पण मामांच्या कागदात सांभाळण्याची अट लिहिलेलीच नव्हती आणि त्यावरूनच सगळा युक्तिवाद झाला. सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर २०२२ मध्ये म्हटलं होतं की मिळकत देताना सांभाळाची अट होती हे दाखवावं लागतं. जानेवारी २०२५ च्या निकालात तेच न्यायालय ज्येष्ठांच्या बाजूनं उदार झालं आणि घराचा ताबा परत देण्याचा आदेशही न्यायाधिकरण देऊ शकतं असं म्हणालं. त्या निकालाचा मामांना पुढे आधार मिळाला. पण तोवर ते सहा वर्षं परक्या अंथरुणावर झोपले.

ताई, तुमच्या मनात खोट आहे असं मी अजिबात म्हणत नाही. पण आईंना एकटीला वकिलासमोर बसवा. तुम्ही बाहेर थांबा.

---

माजी_सचिव

हे वाचून मन भरून आलं. तुम्ही लिहिलंत ते माझ्या उत्तरात यायलाच हवं होतं, राहून गेलं.

ताई, बक्षीसपत्राच्या मसुद्यात दोन गोष्टी असल्याच पाहिजेत. पहिली, आईंना हयातभर त्या सदनिकेत राहण्याचा आणि तिचा उपभोग घेण्याचा हक्क राहील. काही जण सांगतील की देणाऱ्यानं ताबा स्वतःकडे ठेवला तर बक्षीस पूर्ण होत नाही. ते खरं नाही. सर्वोच्च न्यायालयानं २०१४ मध्ये हे स्पष्ट केलंय की नोंदणीकृत बक्षीसपत्रात देणाऱ्यानं हयातीपुरता ताबा आणि उपभोग राखून ठेवला, तरी बक्षीस वैध. दुसरी, घेणार मुलगी आईचं अन्न, औषधपाणी, देखभाल करील या अटीवर हे बक्षीस आहे, असं स्वच्छ वाक्य. कलम २३ चा आधार घ्यायला ते वाक्य लागतं. मुलीच्या मनाला ते लागेल असं वाटून वकील कधीकधी गाळतात. तुम्ही स्वतःच ते घालायला सांगा. मी २०२१ मध्ये माझं घर मुलीला दिलं, तेव्हा माझ्या बायकोच्या राहण्याच्या हक्काचं कलम माझ्या मुलीनंच मसुद्यात लिहून आणलं होतं. तो परिच्छेद वाचताना मला वाईट वाटलं नाही, उलट रात्री शांत झोप लागली.

बाकी तपशील थोडक्यात. बक्षीसपत्राला देणाऱ्याची सही, दोन साक्षीदार आणि नोंदणी लागते (कलम १२३). देणारं माणूस हयात असतानाच तुम्ही स्वीकार केला पाहिजे (कलम १२२), म्हणून स्वीकाराचं वाक्य आणि तुमची सही त्याच कागदात घ्या. राहती जागा मुलीला देताना २०० रुपये मुद्रांक शुल्क, हे तुमच्या मैत्रिणीनं बरोबर सांगितलं. पण महापालिका हद्दीत बक्षीसपत्रावर किमतीच्या प्रमाणात अधिभार वेगळा असतो, तो धरून पूर्ण आकडा आधीच काढून घ्या, नाहीतर त्या दिवशी खिडकीवर धावपळ होते. आईवडिलांकडून मुलीला मिळालेल्या बक्षिसावर तुम्हाला आयकर नाही. घरावर कर्ज असेल तर आधी बँकेची संमती.

आईंच्या वयाच्या माणसाचा त्याच आठवड्यातला डॉक्टरांचा दाखला जोडा. गुडघ्यांमुळे जिने चढणं अशक्य असेल तर नोंदणी कायद्याच्या कलम ३१ खाली निबंधकांना गृहभेटीचा अर्ज करता येतो, ते घरी येऊन नोंदणी करतात.

आणि मृत्युपत्र तरीही करा. फ्लॅट त्यातून निघाला तरी आईंच्या ठेवी, दागिने, भांडी उरतातच. त्या कागदाला मुद्रांक लागत नाही, नोंदणी ऐच्छिक. फक्त ज्यांना काही मिळणार आहे त्यांना साक्षीदार करू नका, आणि साक्षीदार आईंपेक्षा वयानं बरेच लहान घ्या. आमच्या आप्पांची काठी मला अजून दिसते.

---

रत्नागिरीकडचा

मध्येच विचारतो. आमचं गावचं घर आणि कलमांची बाग अजून पणजोबांच्या नावानं सातबारावर आहे. वडील म्हणतात माझा हिस्सा मी बक्षीस देतो. चालेल का?

---

माजी_सचिव

एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित मिळकतीतला न वाटलेला हिस्सा एकट्याला बक्षीस देता येत नाही. आधी वारसनोंदी करून फेरफार अद्ययावत करा, मग वाटणी, मग वडिलांच्या वाट्याला येईल ते त्यांनी द्यावं. तुमचा प्रश्न मोठा आहे, वेगळा धागा काढा, मी तिथे लिहितो.

---

मुलुंडची_लेक

साडेतीन महिन्यांनी परत येतेय. ज्यांनी ज्यांनी लिहिलं त्यांच्यासाठी काय झालं ते सांगते.

वकील बाईंनी पहिल्या भेटीत चोवीस भागांचं तेच गणित मांडलं, फक्त कागदावर. त्यांना मी म्हटलं, हे मला आधीच एका काकांनी सांगितलंय.

सगळ्यात अवघड होतं आत्याला फोन करणं. तीन दिवस मी टाळलं. तिला कसं सांगणार की तुझा आमच्या घरात वाटा आहे हे आम्हाला आत्ता कळलं आणि तो तू सोडून दे? भाऊ म्हणाला, जे आहे ते तसंच सांग. मी तसंच सांगितलं, चोवीस भागांसकट. ती एवढंच म्हणाली, "तारीख कळव. सोमवार नको, उपास असतो."

काका महालक्ष्मी एक्स्प्रेसनं सकाळी ठाण्याला उतरले, येताना आजीच्या मृत्यूच्या दाखल्याच्या चार प्रती घेऊन आले. भाऊ नाशिकहून आला. अभिनिर्णय आधीच करून घेतला होता, त्यामुळे कार्यालयात शुल्काचा प्रश्न आला नाही. अंगठा देण्याआधी आत्यानं वकील बाईंना पूर्ण हक्कसोडपत्र मोठ्यानं वाचायला लावलं. "मोबदला न घेता" इथे आल्यावर म्हणाली, हे पुन्हा वाचा. पुन्हा वाचलं. मग ती आईकडे वळली आणि म्हणाली, "वहिनी, दादानं हे घर घेतलं तेव्हा पहिल्या हप्त्याला माझ्या दोन बांगड्या मोडल्या होत्या. त्यानं नंतर करून देतो म्हटलं होतं. मी कधी मागितल्या नाहीत." आणि तिनं अंगठा दिला.

आम्हाला कुणालाच हे माहीत नव्हतं. आईलाही नाही. परत येताना रिक्षात आई एक शब्द बोलली नाही.

त्यानंतर पाच आठवड्यांनी बक्षीसपत्र झालं, घरीच, गृहभेटीनं. आईला वकील बाईंनी एकटीला आतल्या खोलीत विचारलं, मी स्वयंपाकघरात थांबले होते. हयातभर राहण्याचा हक्क आणि सांभाळाची अट दोन्ही आहेत. अटीचं वाक्य वाचल्यावर आई रागावली, "मुलीला असं लिहून देतात का?" मी म्हटलं, मीच लिहायला सांगितलंय. इंडेक्स टू, म्हणजे नोंदणीचा उतारा, हातात आलाय. सोसायटीकडे हस्तांतरणाचा अर्ज दिलाय, पुढच्या सभेत येईल.

आता सचिव काकांना एक शेवटचं विचारायचंय. आईला आत्याला बांगड्या करून द्यायच्या आहेत. मृत्युपत्रात लिहू का? की ते हक्कसोडपत्राचा मोबदला ठरेल?

---

माजी_सचिव

ताई, हक्कसोडपत्राच्या वेळी कुणाला बांगड्यांची कल्पना नव्हती, कसलं वचनही दिलं गेलं नव्हतं. म्हणजे मोबदला नव्हता हे अगदी खरं आहे, आणि कागदात तेच लिहिलंय. आता आई जे देतील ते त्यांचं वेगळं देणं.

मृत्युपत्रात घालू नका. आत्याबाईही सत्तरीच्या पुढच्या असतील, कशाला वाट बघायला लावायची? दागिन्यासारखी जंगम वस्तू बक्षीस द्यायला नोंदणी लागत नाही. हातानं हातात दिली की बक्षीस पूर्ण. सोनाराची पावती आईंच्या नावानं घ्या आणि घरी जपून ठेवा, एवढं पुरे.

---

मुलुंडची_लेक

पावती आईच्या नावानं घेतली. काल आम्ही दोघी डोंबिवलीला जाऊन आलो. आत्याच्या घराला जिना आहे, वीस पायऱ्या. आई बसत बसत चढली.